उसने आभाळ

छायाचित्रात आभाळ निळेच असावे, असा काही कायदा कुणी केलेला नाही. तरीही अलीकडे कुणाच्याही घरी लग्नाचा अल्बम उघडा, सहलीचे फोटो पाहा किंवा पर्यटनाची जाहिरात पाहा, सगळीकडे एकच आभाळ दिसते. वरच्या अंगाला गडद निळे, क्षितिजाकडे फिकट होत गेलेले आणि मध्ये कापूस पिंजून ठेवावा तसे तीन-चार ढग. ज्येष्ठातल्या लग्नावर तेच आभाळ, ऑगस्टातल्या ठोसेघरच्या धबधब्यावर तेच, सप्टेंबरातल्या कासच्या पठारावरही तेच. साताऱ्याच्या पश्चिमेला ज्याने एक पावसाळा काढला आहे, त्याला हे पाहून हसू येईल. त्या भागात जूनमध्ये सूर्य एकदा रजेवर गेला की गणपतीच्या आसपास हजर होतो, आणि तोही अर्ध्या दिवसापुरता. मग फोटोंवर एवढे निरभ्र छत येते कुठून?

येते ते संगणकातून. पण संगणकाला नावे ठेवण्याआधी कॅमेऱ्याची बाजू ऐकून घ्यायला हवी. ढगाळ दिवशी जमीन अंधारलेली असते आणि आभाळ त्या मानाने फार उजळ. आपला डोळा जिथे बघेल तिथे स्वतःला जुळवून घेतो, म्हणून आपल्याला दोन्ही नीट दिसते. कॅमेऱ्याला मात्र एकाच मापाने दोन्ही मोजावे लागते. नवरीचा चेहरा उजळ यावा म्हणून प्रकाश वाढवला, की वरचे ढग पांढरे फटक पडतात. संगणकातल्या नेहमीच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याचा उजेड लाल, हिरवा आणि निळा अशा तीन खात्यांत, 0 ते 255 या आकड्यांत लिहिलेला असतो. तिन्ही खाती 255 ला जाऊन टेकली, की तिथे कोरा कागद उरतो. ढगाच्या घड्या, कडा, पोटातला काळोख, काही शिल्लक राहत नाही. ज्याने आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या, त्याला हे चटकन कळते. नोंदच झालेली नाही तिथे नंतर जे काही लिहाल, ते मनाचे.

निसर्गाची रंगपेटी निराळ्या रीतीने चालते. निरभ्र आकाश निळे दिसते ते हवेच्या रेणूंमुळे. सूर्यप्रकाशातला निळा, म्हणजे आखूड लहरींचा प्रकाश हे रेणू तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. ढगातले पाण्याचे थेंब रेणूंच्या मानाने प्रचंड मोठे. ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. म्हणून पातळ ढग पांढरा आणि जाड झाला की खालून करडा. म्हणजे करड्या आभाळात निळा रंग लपून बसलेला नसतो, की कळ फिरवली आणि बाहेर आला. फोटो सुधारायला बसलेल्या नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. तो निळी छटा वाढवणारी कळ शेवटपर्यंत ओढतो. आभाळ ढिम्म हलत नाही, कारण त्यात वाढवण्याजोगे निळे नसतेच. हलतात ती खालची फुले. कासच्या पठारावर 'सीतेची आसवे' नावाची नखाएवढी निळसर जांभळी फुले हजारोंनी येतात. ती या कळीने अशी भडक होतात, की सीतेने शाईच गाळली असावी.

मग दुसरी युक्ती. आभाळाचा भाग निवडायचा आणि त्यावर निळ्या रंगाचा पातळ थर चढवायचा, वर गडद आणि खाली फिकट, कारण खरे आकाशही डोक्यावर गडद आणि क्षितिजाशी फिकट असते. हा थर अशा रीतीने मिसळता येतो, की पांढऱ्यावर निळा चढतो आणि झाडाच्या काळ्या फांद्या काळ्याच राहतात. जाणकार कारागिराच्या हातून हे काम इतके बेमालूम होते, की दाद द्यावी. तिसरी युक्ती म्हणजे आभाळच बदलायचे. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर 1990 मध्ये बाजारात आले, तेव्हापासून हे शक्य होते. पण त्यासाठी मास्क करत, म्हणजे फांदीन् फांदी सोडवत, तासन् तास बसावे लागे. 2020 मध्ये त्याच फोटोशॉपमध्ये आभाळ बदलण्याची तयार सोय आली. आता यंत्रच आभाळ कुठले आणि जमीन कुठली ते ओळखते आणि आपण फक्त आवडीचे आभाळ निवडायचे, साडीच्या दुकानात निवडतो तसे. मोबाइलमध्येही हे होते. काम सोपे झाले, तसे ते सर्रास झाले.

लबाडी ओळखणे मात्र फारसे अवघड नाही. सावल्या पाहाव्यात. निळ्या आकाशाखाली ऊन असते आणि ऊन असेल तर माणसाच्या पायाशी सावली पडतेच. वर लख्ख निळे आणि खाली एकाचीही सावली नाही, म्हणजे ही मंडळी एक तर भुते आहेत किंवा आभाळ परके आहे. पाणीही खोटे बोलत नाही. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर काढलेल्या फोटोत आकाश निळेभोर आणि कृष्णेचे पाणी शिशासारखे करडे दिसले, तर नदीची साक्ष खरी मानावी. शिवाय केसांच्या बटा, शिखराचा कळस, नारळाच्या झावळ्या यांच्या कडेला एक पांढरी रेघ राहून जाते. घाईत लावलेल्या वॉलपेपरचा जोड दिसावा तशी.

साताऱ्यातल्या एका स्टुडिओत, ओळखीच्या घरातल्या लग्नाचा अल्बम ठरवायला आम्ही बसलो होतो. संगणकावरचा मुलगा चटपटीत. त्याने सहज विचारले, "काका, स्काय दुसरा टाकू का? हा डल वाटतोय." त्याच्याकडे आभाळांचा एक साठाच होता. सकाळचे, संध्याकाळचे, ढगांचे, इंद्रधनुष्याचे. मी कुतूहलाने त्याने केलेले आणखी दोन अल्बम चाळले. तिन्ही लग्नांवर उजव्या कोपऱ्यात एकच ढग होता, उंटाच्या आकाराचा. मुलाच्या ते ध्यानातही आले नव्हते. "कोण बघतंय, काका?" तो म्हणाला. त्याचेही खरे आहे. अल्बमात आपण आपलाच चेहरा शोधत असतो.

आणि हा धंदा काही या मुलाने शोधलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या निगेटिव्हवरचे रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि बाकीच्या रंगांना मंद होते. परिणामी जमीन नीट यावी म्हणून वेळ दिला, की आभाळ पार जळून जाई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1856 च्या सुमारास समुद्राची देखणी छायाचित्रे काढली, तेव्हा त्यातल्या काहींसाठी त्याने दोन निगेटिव्ह वापरल्या. एक समुद्राची आणि एक ढगांची. दोन्ही एका कागदावर छापल्या. गंमत म्हणजे त्यानेही एकच आभाळ एकापेक्षा जास्त चित्रांना लावले. म्हणजे आमच्या साताऱ्याच्या उंटाला पॅरिसचे पूर्वज आहेत. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि पुढे गावोगाव स्टुडिओ झाले, तेव्हा त्यांत पाठीमागे रंगवलेला पडदा असे. त्यावर कमानी, तळे, हंस आणि अर्थातच ढग. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसे त्या रंगवलेल्या ढगांखाली ताठ बसलेली आहेत.

सांगलीकरांना तर पडद्याचे कौतुक सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीत, आणि नाट्यपंढरी हे नाव गाव अजून मिरवते. पुढे संगीत नाटकांच्या काळात राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा अशी रेलचेल झाली. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्या पडद्यांवरचे आकाश पाहून प्रेक्षक खूश होत, टाळ्याही पडत, पण वाऱ्याने पडदा हलला की आकाशाला सुरकुती पडे आणि सगळ्यांना ते दिसे. कुणाची फसवणूक नव्हती. दाखवणारा आणि बघणारा यांच्यात तो उघड करार होता. संगणकातल्या आभाळाला सुरकुती पडत नाही, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

तेव्हा लग्नाच्या अल्बमात निळे आभाळ घातले, म्हणून मी भांडणार नाही. लग्नात सगळेच थोडे रंगवलेले असते. माझी तक्रार आहे ती त्या 'डल' शब्दाबद्दल. करडे आभाळ म्हणजे उदास, निस्तेज, सुधारून घ्यायची गोष्ट, ही समजूत आपली आहे का? फोटो सुधारण्याची बरीचशी पुस्तके आणि धडे आले ते थंड मुलुखांतून. तिथे ऊन म्हणजे सणच आणि ढग म्हणजे कंटाळा. त्यांचे त्यांना बरोबर. आपल्याकडे कालिदासाने आषाढातल्या ढगालाच दूत करून एक काव्य रचले. आपल्या देवाला आपण मेघश्याम म्हणतो, सावळा म्हणतो, आणि तो रंग सुधारून घ्यावा असे आजवर कुणाला वाटले नाही.

भाषाच पाहा. 'आभाळ' हा शब्द अभ्र या शब्दावरून आला, आणि अभ्र म्हणजे ढग. निरभ्र म्हणजे ढग नसलेले. आजही खेड्यात कुणी 'आभाळ आलंय' म्हणतो, तेव्हा त्याला ढग आले एवढेच म्हणायचे असते. आभाळ येते, दाटते, उतरते, फाटते. शिवाय मळभ वेगळे, झाकोळ वेगळा, कुंद हवा वेगळी. ज्या करड्याला स्टुडिओतला मुलगा एका शब्दात निकालात काढतो, त्याला आपल्याकडे एवढी नावे आहेत, कारण त्या प्रत्येकावर काही ना काही अवलंबून असते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर हे फारच स्पष्ट दिसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. घाटावर ढग रिकामे होतात आणि पूर्वेला नुसते मिरवत जातात. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात जुलैमधले निळे आकाश म्हणजे संकट. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली असेल, त्यांना आठवेल की शेवटी दुष्काळ पडून गाव उठते. त्या गावावरचे आभाळ निळेच असणार. 1972 सालीही ते निळेच होते. आता टेंभू, म्हैसाळ, ताकारीच्या उपसा योजनांचे पाणी त्यातल्या बऱ्याच शिवारांत खेळते, तरी पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांची वाट पाहायची सवय गेलेली नाही.

पण करडा रंग सगळीकडे शुभ असतो असेही नाही. माणदेशातून तासगावात उतरा. तिथे द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणीनंतर नोव्हेंबरात चार दिवस मळभ धरले, की बागाईतदाराच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. दावण्या येतो, फवारण्या वाढतात, कर्जाचा आकडा वाढतो. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर बेदाणा वाळत असताना आभाळ आले तर माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. जे ढग आषाढात माणच्या माणसाला पाहुण्यासारखे वाटतात, तेच मार्गशीर्षात तासगावच्या माणसाला वसुलीला आल्यासारखे वाटतात.

आणि खाली सांगलीत कृष्णाकाठी ऑगस्टमधल्या आभाळाचा अर्थ आणखी निराळा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. 2005 मध्ये पाणी पन्नासच्या पुढे गेले, 2019 च्या ऑगस्टात तर 57 फुटांच्या आसपास, आणि 2021 मध्ये पुन्हा पन्नासच्या वर. 2005 मध्ये हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरले ते अजून लोक सांगतात. यातली एक बाब बाहेरच्यांना ठाऊक नसते. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येतो असे नाही. पाऊस पडतो घाटात, कोयनेच्या आणि कृष्णेच्या उगमाकडे; कोयनेचे 105 टीएमसीचे धरण भरत येते, दरवाजे उघडतात, आणि पाणी कऱ्हाडच्या संगमावरून खाली येते. त्यामुळे कधी कधी सांगलीत स्वच्छ ऊन असते, वर निळे आकाश असते, आणि गल्लीत पाणी चढत असते. त्या निळ्याइतके भयंकर काही नाही. आता विचार करा, प्रत्येक फोटोतले आभाळ निळे करायची सवय लागली, तर तो खरा निळा फोटो उद्या कोण खरा मानणार?

म्हणजे आभाळ ही फोटोवरची तारीख आहे. महिना कुठला, तालुका कुठला, त्या दिवशी माणसांच्या मनात काय होते, हे आभाळ सांगते. पूर्वी फिल्मच्या कॅमेऱ्यात कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटवायची सोय होती. डिजिटल फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ लिहिलेली असते, पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ती नोंद गळून पडते. चार घरी फिरून आलेल्या फोटोवर तारीख उरते ती फक्त चेहऱ्यांची, कपड्यांची आणि आभाळाची.

वर्तमानपत्रवाले या बाबतीत कडक असतात ते याचसाठी. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाने जवळ सरकवले, तर केवढे वादळ उठले. उजेड-अंधार थोडा कमीजास्त करणे चालते. जे नव्हते ते घालणे आणि होते ते काढणे चालत नाही. पंचनाम्याला जोडलेला बागेचा फोटो, कर्जाच्या फाइलमधला विहिरीचा फोटो यांनाही हाच नियम हवा. गारपिटीने झोडपलेल्या बागेवर कुणा हौशी पुतण्याने मोबाइलमध्ये निळे आभाळ चढवून ठेवले, तर फोटो पाहणारा साहेब पहिली शंका घेणार ती शेतकऱ्यावरच.

घरच्या फोटोंना मात्र कुणी नियम लावत नाही. माण तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची ही हकीकत. 2015 चा पावसाळा कोरडा गेला. पुढचा उन्हाळा असा, की 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. यांची जनावरे छावणीत. जूनमध्ये एके दिवशी दुपारी आभाळ भरून आले, तेव्हा म्हातारे वडील काठी टेकत बांधावर जाऊन उभे राहिले आणि नातवाने मोबाइलवर फोटो घेतला. पाठीमागे नांगरलेले काळे रान आणि वर तसेच काळे आभाळ. वडील गेल्यावर तो फोटो मोठा करून भिंतीला लावायचे ठरले. स्टुडिओतून फोटो आला तो चकचकीत चौकटीत, निळ्याभोर आभाळासह. शेतकरी बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारले, "आरं पोरा, ह्यातलं आभाळ कुठं गेलं?"

"आहे की मामा. किती भारी निळं केलंय बघा."

"ते निळं दिसतंय रं. म्या आभाळ इचारतुय. आमचा म्हातारा त्या दिवशी रानात आभाळ बघाया गेलता. ह्यात त्यो कुणाकडं बघतुय?"

फोटोत वडिलांची मान वर होती. निळ्या रिकाम्या आकाशाकडे पाहत, काही कारण नसताना, एक म्हातारा उभा होता. नशिबाने मूळ फोटो नातवाच्या मोबाइलमध्ये होता. दुसरी प्रत करून घेतली आणि तिचे पैसे निराळे पडले.

म्हणून फोटो स्टुडिओत देताना दोन गोष्टी जरूर कराव्यात. मूळ प्रत आधी घरात वेगळी ठेवावी, आणि 'आभाळ आहे तसे ठेवा' असे स्पष्ट सांगावे, जमल्यास लिहून द्यावे. फोटो काढतानाच थोडी काळजी घेतली, तर सुधारण्याची वेळ फारशी येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर आभाळाला बोट लावले की कॅमेरा त्याच्या उजेडाचे माप घेतो, ढगांच्या घड्या परत येतात आणि जमीन थोडी अंधारते. अंधारलेले नंतर उजळता येते, जळलेले परत आणता येत नाही. मोठा कॅमेरा असेल तर 'रॉ' प्रकारात फोटो घ्यावा. त्यात प्रत्येक रंगाला 256 ऐवजी 4096 किंवा 16384 पायऱ्या मिळतात आणि ढगाचा तळ, कडा, मधली रुपेरी फट सगळे निगुतीने बाहेर काढता येते. तो रंग कॅमेऱ्यानेच टिपलेला असतो, उसना नसतो.

कासचेच घ्या. 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत हे पठार आहे. फुलांची साडेआठशेच्या आसपास जातींची नोंद तिथे सांगतात, आणि त्यांतल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात तर साताऱ्याचेच नाव आहे. ही फुले ढगांखाली जशी दिसतात तशी उन्हात दिसत नाहीत. कडक उन्हात पाकळ्या चमकतात, रंग धुऊन निघतो, सावल्या काळ्या पडतात. ढग असले की सगळ्या बाजूंनी मऊ उजेड येतो आणि तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आपापल्या जागी ठरतो. तिथे आभाळ बदलायला बसणारा माणूस ज्याने ते रंग दिले त्यालाच चौकटीबाहेर काढत असतो. यंदा हंगामात जाणार असाल तर आधी नोंदणी करा, फुलांवर पाय देऊ नका, आणि ढग आले म्हणून गाडीत बसून राहू नका. छत्री मात्र काळीच न्या. रंगीत छत्रीचा रंग पांढऱ्या फुलांवर उतरतो.